आमचा पाडा नकाशात कुठंय? – सॅटेलाईट नकाशाचे पहिले दिवस आणि चौथीचा एक तास



आज नकाशावाचनाचा एक पाठ तुमच्यासमोर ठेवतेय. पाठ जुनाच आहे, साधन तेवढं नवीन. खरं तर तेही आता नवीन राहिलेलं नाही, वीस वर्षं होऊन गेली त्याला. पण आपण ते वर्गात कसं वापरतो, यावर थोडं बोलायला हवं असं मला वाटतं. कारण माझा स्वतःचा पहिला तास चांगलाच फसला होता.

माझी शाळा त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या एका पाड्यावर आहे. शाळेत लोकवर्गणीतून टीव्ही आला. त्या उत्साहात चौथीच्या वर्गाला मी सॅटेलाईट नकाशा उघडून दाखवला. आधी फिरणारी पृथ्वी, मग भारत, मग महाराष्ट्र, मग नाशिक. रामकुंड दिसलं, गंगापूर धरण दिसलं. मुलं खूश. मग सगळी एका सुरात म्हणाली, "मॅडम, आता आपला पाडा!" मी डोंगराच्या दिशेने सरकवत नेलं. शेजारच्या मोठ्या गावाचं नाव आलं, घाटाचं नाव आलं, एका रिसॉर्टचंही नाव आलं. आमच्या पाड्याच्या जागी नुसता हिरवा-करडा उतार आणि चार-दोन छपरं. नाव नाही. मागच्या बाकावरून एक मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम, मंग आपुन त्यात न्हाई का?"

या प्रश्नाला माझ्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हतं. "असेल, पुढे येईल," असं काहीतरी म्हणून मी टीव्ही बंद केला. उत्तर शोधता शोधता जो पाठ तयार झाला, तो इथे देते आहे.

आधी थोडा इतिहास : हे नकाशे आले कुठून?

मुलांना गोष्ट सांगायची तर ती आपल्याला आधी माहीत हवी, म्हणून थोडक्यात.

उपग्रहातून पृथ्वीचे फोटो काढणं तसं जुनं आहे. अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह १९७२ साली गेला. आपला पहिला दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए हा १७ मार्च १९८८ रोजी सोडला गेला. पण हे फोटो शास्त्रज्ञ, सरकारी खाती आणि लष्कर यांच्यापुरतेच होते. तुमच्या-माझ्यासारख्याला नकाशा म्हणजे वर्गाच्या भिंतीवरचा, नाहीतर पुस्तकातला.

इंटरनेटवर सॅटेलाईट चित्रं बघायची सोय १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या टेरासर्व्हरने केली, पण त्यात मुख्यतः अमेरिकाच होती. २००१ मध्ये कीहोल नावाची एक छोटी अमेरिकन कंपनी निघाली. कीहोल म्हणजे कुलपाचं छिद्र. अमेरिकेच्या हेरगिरी करणाऱ्या उपग्रहांच्या मालिकेचं ते नाव, तेच कंपनीने घेतलं. संगणकाच्या पडद्यावर पृथ्वीचा गोल फिरवायचा आणि हवा तिथे खाली उतरायचं, असा त्यांचा प्रोग्राम होता. २००३ च्या इराक युद्धात अमेरिकन वृत्तवाहिन्यांनी तो बातम्यांत वापरला आणि लोकांचे डोळे विस्फारले. २००४ मध्ये नासाने वर्ल्ड विंड नावाचा असाच गोल मोफत दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गुगलने कीहोल कंपनी विकत घेतली. जून २००५ मध्ये गुगल अर्थ सगळ्यांसाठी मोफत खुलं झालं.

मी २००६ मध्ये डी.एड.च्या पहिल्या वर्षाला होते. कॉलेज रोडच्या एका सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन आम्ही तिघी मैत्रिणी एका खुर्चीवर आणि दोन स्टुलांवर बसलो होतो. पहिली गोष्ट काय शोधली असेल? ताजमहाल नाही, आयफेल टॉवर नाही. स्वतःचं घर! त्या काळात ज्याने ज्याने ते उघडलं, त्याने आधी आपलं घरच शोधलं असणार. गंगापूर धरण आकारावरून लगेच ओळखता आलं. सिन्नर तालुक्यातलं आमचं गाव मात्र एक मातकट डाग होता. मैत्रीण म्हणाली, "तुझं गाव पुसलं गेलंय!" आम्ही हसलो. असं का झालं, हे आम्हाला कळत नव्हतं आणि विचारायला कुणी नव्हतं. वर्गात मुलांनी तसंच विचारलं तर आता आपल्याला सांगता आलं पाहिजे.

गाव पुसट का दिसतं? (गणिताचा तास)

सॅटेलाईटचं चित्र म्हणजे रंगीत चौकोनांची चादर. एका चौकोनाला एकच रंग. चौकोन जमिनीवर जेवढा मोठा, तेवढं चित्र ढोबळ. फळ्यावर हे लिहा. पाड्यावरचं एक घर ५ मीटर × ८ मीटर, म्हणजे ४० चौरस मीटर धरा.

• आयआरएस-१ए (१९८८) : चौकोनाची बाजू ७२.५ मीटर. एका चौकोनात सुमारे ५२ गुंठे जमीन, म्हणजे सव्वा एकराहून जास्त. घर सोडा, अख्खी वाडी एका रंगात!
• लँडसॅट-७ (१९९९) : बाजू १५ मीटर. क्षेत्रफळ २२५ चौ.मी. एका चौकोनात अशी पाच घरं मावतील.
• आयआरएस-१सी (१९९५, आपला!) : बाजू ५.८ मीटर. क्षेत्रफळ साधारण ३४ चौ.मी. आता एक घर म्हणजे जेमतेम एक चौकोन.
• आयकोनॉस (१९९९) : बाजू १ मीटर. घराचे ४० चौकोन.
• क्विकबर्ड (२००१) : बाजू सुमारे ६० सेंटीमीटर. घराचे शंभराहून जास्त चौकोन. आता छप्पर दिसेल, अंगणातली बैलगाडी दिसेल.

सुरुवातीच्या काळात मोठ्या शहरांना बारीक चौकोनांची चित्रं मिळाली आणि बाकीच्या बहुतेक जगाला १५ मीटरवाली. कारण बारीक चित्रं महाग होती आणि ती आधी कुठली घ्यायची, हे गिऱ्हाईक किती यावर ठरायचं. गाव पुसलं गेलं नव्हतं, त्याचा चौकोन मोठा होता एवढंच.

आलेखाच्या कागदावर मुलांना एकच घर दोनदा रंगवायला द्या. एकदा मोठ्या चौकोनात, एकदा लहान चौकोनांत. नियम एकच, चौकोनात जे जास्त असेल त्याचाच रंग सगळ्या चौकोनाला. मोठ्या चौकोनात घर गायब होतं आणि शेताचा हिरवा रंग उरतो. आमच्या चौथीच्या मुलांना हे दहा मिनिटांत कळलं. मला कळायला सायबर कॅफेपासून बारा वर्षं लागली.

अजून एक. झूम करताना आधी धूसर आणि मग स्पष्ट का होतं? अख्ख्या पृथ्वीचं बारीक चित्र आपल्या फोनमध्ये मावणारच नाही. म्हणून चित्राचे तुकडे करून ठेवलेले असतात. आपण जिथे बघतो तेवढेच तुकडे येतात. एक पायरी खाली उतरलं की एका तुकड्याचे चार होतात : १, ४, १६, ६४… दहाव्या पायरीला किती? मुलांना करू द्या. उत्तर दहा लाखांच्या वर जातं. गुणाकाराचा कंटाळा करणारी पोरंसुद्धा हे करतात.

आता मुख्य गोष्ट : चित्र वरून येतं, नाव खालून येतं

उपग्रह छप्पर बघतो. त्या छपराखाली कोण राहतं, त्या जागेला काय म्हणतात, हे त्याला दिसत नाही. सुरुवातीच्या सॅटेलाईट नकाशांत तर चित्रच चित्र होतं, नावं फार थोडी. नावं भरली ती माणसांनी. मे २००६ मध्ये विकिमॅपिया सुरू झालं. त्यात कुणीही नकाशावर चौकट आखून नाव लिहू शकायचं. आपल्याकडे लोकांनी अक्षरशः तुटून पडून नावं लिहिली. शाळा, मारुतीचं मंदिर, तालीम, साखर कारखाना आणि हो, "माझे घर" हे तर हजार ठिकाणी! ओपनस्ट्रीटमॅप २००४ पासूनच चालू होतं. तिथे आजही कुणीही रस्ता, विहीर, पाडा भरू शकतं आणि नाव मराठीतही लिहू शकतं. २००८ पासून काही वर्षं गुगलचंही मॅप मेकर होतं. थोडक्यात, ज्या गावात कॉम्प्युटरवर बसणारं कुणी होतं त्या गावाला नाव मिळालं. जिथे नव्हतं, ते राहून गेलं. आमचा पाडा त्यातलाच.

हा नुसता मान-अपमानाचा प्रश्न नाही. एका पावसाळ्यात रात्री पाड्यावरच्या एका बाईला दवाखान्यात न्यायचं होतं. गाडी बोलावली. ड्रायव्हर फोनमधला नकाशा बघत शेजारच्या गावाच्या नावावर पोचला. तिथून आमच्याकडे यायला ओढा आडवा. शेवटी माणसं बॅटरी घेऊन रस्त्यापर्यंत गेली, तेव्हा कुठे गाडी सापडली. बाई सुखरूप आहे. पण तेव्हापासून "आपुन त्यात न्हाई का?" हा प्रश्न मला पोराटोरांचा वाटत नाही.

याच्या उलट बाजूची, म्हणजे नाव हरवलं पण जमीन आठवत होती, अशी एक खरी गोष्ट वर्गात जरूर सांगा. ती आपल्याच रेल्वेमार्गावरची आहे. नाशिकरोडहून मनमाड, भुसावळ असं पुढे गेलं की बुऱ्हाणपूर आणि मग खंडवा. १९८६ साली खंडव्याचा पाच वर्षांचा शेरू मोठ्या भावाबरोबर बुऱ्हाणपूर स्टेशनवर आला होता. भावाची वाट बघता बघता झोपला, उठून एका रिकाम्या डब्यात चढला आणि थेट कलकत्त्याला पोचला. गावाचं नाव त्याला नीट सांगता येईना. पुढे एका ऑस्ट्रेलियन जोडप्याने त्याला दत्तक घेतलं आणि तो सरू ब्रायर्ली झाला. मोठेपणी त्याने गुगल अर्थ उघडलं. गाडीत साधारण १४ तास होतो असं धरून, गाडीच्या वेगावरून त्याने सुमारे १२०० किलोमीटरचा अंदाज काढला आणि रुळांवरून बोट फिरवत स्टेशनं तपासायला लागला. खरं अंतर त्या अंदाजाहून जास्त निघालं. पण २०११ मध्ये स्टेशनजवळची पाण्याची टाकी त्याने ओळखली. ते बुऱ्हाणपूर होतं. तिथून रूळ धरून सत्तरेक किलोमीटर वर गेला आणि लहानपणी खेळायची पाण्याची जागा सापडली. २०१२ च्या फेब्रुवारीत तो खंडव्याला जाऊन आईला भेटला. त्याच्या या गोष्टीवर 'लायन' हा चित्रपटही आला.

आता मुलांना विचारा, आई कुणी शोधून दिली? उपग्रहाने की पाच वर्षांच्या पोराच्या आठवणीने? आमच्या वर्गात बराच वाद झाला. शेवटी एक मुलगी म्हणाली, "दोघांनी. पण टाकी त्यालाच माहिती होती." यापेक्षा चांगलं उत्तर मला देता आलं नसतं.

वर्गात काय करायचं? (पाच पायऱ्या)

१. आधी कागद, मग पडदा. टीव्ही, मोबाईल बंद. प्रत्येकाने घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा मनाने काढायचा. झाड, विहीर, बांध, चिखलाची जागा, चावरं कुत्रं असलेलं घर, सगळं चालेल. प्रमाण चुकेल, चुकू द्या. माझी पहिली चूक हीच होती, मी पडदा आधी लावला. पडदा आधी लावला की मुलं फक्त बघतात, आठवत नाहीत.

२. वरून ओळखा. आता सॅटेलाईट चित्र लावा, पण नावं बंद करून. कागद हातात घेऊन मुलांनी जागा जुळवायच्या. आमच्या एका मुलीने निळ्या ताडपत्रीवरून आपलं घर ओळखलं. "ती गळती होती, बाबांनी टाकली," हे तिने सांगितलं. ही माहिती कुठल्या उपग्रहात मिळणार?

३. चित्राची तारीख शोधा. "मॅडम, आत्ता हात केला तर दिसेल का?" हा प्रश्न येणारच. अनेक पालकांनाही वाटतं की हे लाईव्ह असतं. नसतं. ते जुने फोटो असतात, काही महिन्यांपूर्वीचे किंवा काही वर्षांपूर्वीचे. तारीख न दाखवता मुलांना ओळखायला लावा. आमच्या मुलांनी सांगितलं, "ओढा कोरडा आहे, म्हणजे उन्हाळा." "नवीन टाकी नाही, म्हणजे दोन वर्षांआधीचा." मग तारीख उघडली. बरोबर! गुगल अर्थमध्ये २००९ पासून जुनी चित्रं बघायचीही सोय आहे. नाशिक शहरातल्या शिक्षकांनी गंगापूर रोडच्या बाजूची शेतं वर्षागणिक कशी कमी होत गेली ते दाखवावं. फार बोलावं लागत नाही.

४. अंतर मोजा, मग चाला. पट्टीच्या खुणेने शाळा ते विहीर मोजलं तर ६०० मीटर आलं. एक मुलगी लगेच म्हणाली, "नाही मॅडम, तिथून जाताच येत नाही. घळ आहे. वळसा घालून जावं लागतं." आम्ही पावलं मोजत गेलो. जवळजवळ दुप्पट. एप्रिल-मे महिन्यात ती आणि तिची आई हा वळसा डोक्यावर हंडा घेऊन घालतात. सरळ रेघेचं अंतर आणि पायाखालचं अंतर यातला फरक मी पाठ घेऊन शिकवला नसता इतका त्या दिवशी सगळ्यांना कळला, मलाही.

५. नावं लिहा. मोठ्या माणसांना विचारून पाड्याचं, ओढ्याचं, टेकडीचं, रानातल्या जागांचं नाव गोळा करा. आमच्याकडे अशी सतरा नावं निघाली, त्यातली निम्मी मलाही माहीत नव्हती. पाड्याचं आणि शाळेचं नाव आम्ही नकाशात भरण्यासाठी पाठवलं. एकदा परत आलं. दुसऱ्यांदा शाळेच्या पाटीचा फोटो जोडला, तेव्हा लागलं. इंग्रजी स्पेलिंग अजून चुकलेलंच आहे. पण गाडी येते.

पाचवीपासून पुढे अजून दोन गोष्टी करता येतील. एक, ब्रह्मगिरीपासून गोदावरी धरून बंगालच्या उपसागरापर्यंत १४६५ किलोमीटरचा प्रवास. गंगापूर धरण, रामकुंड, नांदूरमधमेश्वर, पैठणचा नाथसागर, नांदेड, राजमहेंद्री आणि त्रिभुज प्रदेश. दोन, अक्षवृत्त. २० अंश उत्तर अक्षवृत्त नाशिक शहरातूनच जातं. रामकुंड त्याच्या किंचित उत्तरेला, नाशिकरोड स्टेशन दक्षिणेला. हीच रेघ धरून गोल फिरवा. हवाईचं मोठं बेट लागेल, क्युबातल्या सांतियागो शहराजवळून जाल. "काल्पनिक रेषा" हा शब्द मग पुस्तकातला राहत नाही.

पालकांसाठी दोन शब्द

हे नकाशे आले तेव्हाच त्यांची भीतीही आली. ऑक्टोबर २००५ मध्ये हैदराबादला पोलीस अधिकाऱ्यांसमोर बोलताना तेव्हाचे राष्ट्रपती डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम यांनीच अशा चित्रांमुळे सुरक्षेला धोका होऊ शकतो, हे सांगितलं होतं. देवळाली कॅम्प, नोटांचा छापखाना, ओझरचा विमान कारखाना असलेल्या आपल्या जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको. पुढे १२ ऑगस्ट २००९ रोजी इस्रोने आपला स्वतःचा 'भुवन' हा नकाशा खुला केला. तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या हस्ते तो सुरू झाला. आपल्या देशाची चित्रं आपल्याच उपग्रहांची. वर्गात भुवन जरूर उघडा.

घरी मात्र एवढं पाळा. नकाशात गावाचं, शाळेचं, विहिरीचं नाव लिहायला हरकत नाही. मुलाचं नाव, घराचा फोटो, फोन नंबर लिहायचा नाही. जागा सगळ्यांची असते, मूल आपलं असतं.

आणि एक छोटा गृहपाठ, तुमच्यासाठी. रविवारी मुलाला घेऊन बसा, फोनवर तुमचं मूळ गाव उघडा आणि आजी-आजोबांना विचारा, "इथे काय होतं?" चित्र फोन दाखवेल. तिथली चिंच कधी पडली, बारव कुणी बुजवली, शेताच्या त्या तुकड्याला काय म्हणायचे, हे फक्त तेच सांगतील. ते लिहून ठेवा. ही माहिती कुठलाच उपग्रह परत आणून देणार नाही.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी नंतर नाव लागलेला नकाशा दाखवला. त्याने बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, वरच्या पाड्याचं पण लिहू ना." या महिन्यात तेच करतोय.

तुमच्या शाळेत हा उपक्रम घेतलात तर मुलांच्या जुळवाजुळवीतल्या गमती नक्की कळवा. आणि पडदा आधी लावू नका!